साठच्या कॅसेटमधला धोटा

"तोंड असं एरंडेल प्याल्यासारखं का केलंय?" शैलजाने पोह्यांची बशी माझ्यासमोर आदळली. "सतरा वर्षं ज्याची वाट बघितली ते आलंय की घरात. आता नाचा."

"नाचू कशावर? ह्याच्यावर?" मी सीडी प्लेअरकडे बोट दाखवलं. "ह्याच्यावर पाळण्यातलं पोरगं झोपंल."

"मग बंद करा आणि खावा."

मी बंद केलं नाही. 'तिसरी पाळी' हे गाणं चौथ्यांदा पहिल्यापासून लावलं आणि पोहे न चावताच गिळत बसलो. २०११ सालचा नोव्हेंबर होता, रविवारची सकाळ. आदल्या दिवशी अविनाश कुडचेने स्वतः दुकानात येऊन ती सीडी माझ्या हातात ठेवली होती. बाजारात यायच्या आधी, गावात पहिली मला. घरी येताना रस्त्यात दोनदा थांबून मी ती पिशवीतून काढून बघितली होती, इतका मी हरखलो होतो.

'धोटा' म्हणजे आमच्या इचलकरंजीचा रॉक बँड. हसू नका, होता. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा, आणि गावभर त्याचाच खडखडाट, म्हणून हे नाव. चौघंही मागवाल्यांच्या घरातली पोरं. गायला अविनाश, ड्रमवर दस्तगीर मोमीन, आणि दोघं गिटारवाले. १९९२ साली त्यांनी कोल्हापुरात जाऊन एक कॅसेट केली. पाचशे प्रती निघाल्या, त्यातल्या निम्म्या पाहुण्यारावळ्यांत वाटल्या गेल्या. दोन वर्षांनी सांगलीच्या एका कार्यक्रमात स्टेजवरच भांडण झालं आणि बँड फुटला. बास, एवढाच इतिहास. पण त्या एका कॅसेटवर आमच्या पिढीची दाढी-मिशी फुटली.

मी त्यांचा पहिला चाहता. आताच्या मोबाईलच्या दुकानाच्या जागी तेव्हा माझं रेकॉर्डिंग सेंटर होतं. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी आणून द्यायचे, मी भरून द्यायचो. गावात 'धोटा' पोचवला तो मी. बँड फुटल्यावर दर दिवाळीला चौघांना चार पत्रं टाकली, "एकत्र या" म्हणून. सतरा वर्षं. अविनाश पुढे म्हणायचा, तुझ्या पत्रांना कंटाळून आम्ही एकत्र आलो. आणि एकत्र येऊन काय केलं, तर हे. सहा नवी गाणी, दोन जुनी परत गायलेली, आणि आठही गाणी दुपारी वरण-भात खाऊन रेकॉर्ड केल्यासारखी. नव्यांचं मी एकवेळ सोडून दिलं असतं. पण 'तिसरी पाळी'? ज्या गाण्यावर आम्ही सायकली पंक्चर होईस्तोवर पळवल्या, ते गाणं हे लोक काठी टेकत टेकत म्हणत होते. अविनाशचा आवाजही खाली उतरलेला. मला रडू येणं बाकी होतं, आणि रडू आलं की मला राग येतो.

दहा वाजता अविनाशचा फोन आला.

"ऐकलास?"

"ऐकला."

"मग?"

"अव्या, खरं सांगू का, वाईट वाटून घेऊ नको..."

"तू असं म्हणालास की वाईटच असतंय."

"ढिला पडलाय रे. सगळाच्या सगळा. दस्तगीरचा हात चालंना झालाय काय? 'तिसरी पाळी' ऐकून मला वाटलं, लोडशेडिंग झालं."

मग अविनाश अगदी सावकाश बोलला. "रमाकांत, हे मला बोललास ते बोललास. दस्तगीरसमोर हा शब्द काढू नको. तो दोन महिने ड्रमजवळ नुसता बसून राहायचा, हात लावायचा न्हाई. रेकॉर्डिंगला दर गाण्यानंतर विचारायचा, ढिला वाजला काय रे? सांगलीचं त्याच्या डोक्यातनं गेलेलं न्हाई. आता एका जरी माणसानं ढिला म्हटलं, तर तो काठ्या खाली ठेवणार आणि परत उचलणार न्हाई. आणि त्याच्याबिगर धोटा न्हाई. तेवढा शहाणा झालोय मी आता."

"म्हणजे पुढच्या रविवारी स्टेजवर मी खोटं बोलू?"

"गप्प बस म्हणतोय."

"मला दहा मिनिटं दिल्यात बोलायला. पत्रिकेत छापलंय."

"मग दहा मिनिटं हवामानावर बोल," म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता गावातल्या नाट्यगृहात प्रकाशन होतं. आधी माझं भाषण, मग त्यांचं वाजवणं. सतरा वर्षांनी पहिल्यांदा गावासमोर.

सांगलीचं मलाही आठवत होतं. इथून आम्ही साठ-सत्तर जण ट्रकमध्ये उभे राहून गेलो होतो. पहिलंच गाणं, 'तिसरी पाळी', सुरू झालं आणि आमचा हिरमोड झाला. कॅसेटवर जे घोड्यासारखं उधळायचं ते स्टेजवर बैलगाडीने निघालं होतं. आम्ही ओरडायला लागलो, "दस्तू, ढिला! वाढव, वाढव!" ते प्रेमानेच ओरडणं होतं हो, आपल्या पैलवानाला आखाड्याबाहेरून ओरडतात तसं. दस्तगीरने वेग वाढवला. मग अविनाशचा दम पुरेना, ओळीच्या ओळी सुटायला लागल्या, गिटारवाले कुणाच्या मागे जायचं ते कळेना म्हणून एकमेकांकडे बघत राहिले. तिसऱ्या गाण्यात सगळं कोसळलं. माईक चालू होता, त्यावर अविनाश म्हणाला, "ह्या ढिल्याला कुणी घेतलं रे बँडमध्ये?" दस्तगीर उठला, स्टेजवरून उतरला आणि एसटीने एकटा घरी गेला. त्यानंतर ही सीडी करेपर्यंत त्याने ड्रमला हात लावला नाही.

म्हणून मी ठरवलं, स्टेजवर नको, आधी खासगीत सांगू. अविनाशने नको म्हटलं होतं, पण अविनाश भित्रा. दस्तगीरला नीट समजावलं, पुराव्यासकट दाखवलं, तर तो आठवडाभरात हात सुधारेल आणि गावासमोर शोभा होणार नाही. असा माझा साळसूद विचार. पुरावा मी घरीच तयार केला. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सीडीवरची 'तिसरी पाळी' चार मिनिटं सोळा सेकंदांची. मग माझी जुनी कॅसेट लावली. चार मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

"सोळा सेकंद!" मी शैलजाला सांगितलं. "ह्याला म्हातारपण म्हणतात."

"सोळा सेकंदांत काय जग बुडालं?" ती म्हणाली. "तुम्ही भाजी आणायला जाऊन दोन तासांनी येता, मी काय म्हणते का?"

बुधवारी दुपारी बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर, माझी कॅसेट आणि ती सीडी पिशवीत घालून दस्तगीरच्या घरी गेलो. तो जॉबरचं काम करतो, म्हणजे माग बिघडले की दुरुस्त करायचे. नुकताच जेवून बसला होता. बनियनवर, हातांना तेलाचा काळपटपणा, केस पिकलेले. मला बघून त्याला खरंच आनंद झाला.

"ये मगदूम, ये. तुझीच आठवण काढत होतो. अव्या म्हणत होता, मगदूमला सीडी दिली, पण तो काय बोलंना झालाय."

बाहेरच्या शेडमधून मागांचा आवाज येत होता. आमच्या लहानपणचा खटक-खटक नव्हे, सलग घरघर.

"आता मागात धोटाच नसतोय," तो म्हणाला. "हवेनं सूत फेकतात. पोरं विचारतात, काका, तुमच्या बँडचं नाव असं का? काय सांगू?"

त्याच्या बायकोने चहा आणला. मी चहा पिईपर्यंत धीर धरायला हवा होता. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

"दस्तू, मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. ऐक हे." मी कॅसेट घालून बटण दाबलं. "हे आपण ब्याण्णवला केलं होतं. आणि आता सीडीवर काय केलंय? सोळा सेकंद मागं. मी घड्याळ लावून बघितलंय."

'मागं' हा शब्द ऐकून त्याचा चेहरा पडला. मला तो दिसला, तरी मी बोलतच राहिलो. रविवारपर्यंत चार दिवस आहेत, रोज दोन तास बस, हात मोकळा होईल, वगैरे वगैरे. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर ठोका धरत होती. दुसऱ्या कडव्याला ती बोटं थांबली.

"हे कोण वाजवतंय?" त्याने विचारलं.

"कोण म्हणजे? तू."

"मी न्हाई." त्याने कान टेपजवळ नेला. "एवढ्या वेगात माझा पाय कधीच चालला न्हाई. तेव्हाबी न्हाई. आणि अव्याचा आवाज हा असा? चिमणीगत?"

"ब्याण्णवला तुम्ही तरुण होता..."

"तरुण होतो, चिमण्या नव्हतो." तो हसला आणि उठला. "तुझा टेप बिघडलाय, मगदूम. पट्टा सरकला आसंल. थांब."

आतल्या खोलीतून त्याने स्टीलच्या डब्यातून एक कॅसेट आणली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. पाचशेतली एक, छापील वेष्टणाची. तसं वेष्टण मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. त्याने ती माझ्याच टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

'तिसरी पाळी' सुरू झाली. अविनाशचा भरदार, जाड आवाज. खालून दस्तगीरचा ठोका, ठाम, पाय रोवून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. तीच सीडीवरची चाल. तोच वेग. टेप माझाच होता, त्यामुळे टेप बिघडलाय असंही म्हणता येईना. मी कॅसेटचं वेष्टण उचललं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत गाण्यांची नावं आणि पुढे वेळ छापली होती. तिसरी पाळी, ४.१६. त्याखाली बाजू अ, बत्तीस मिनिटं. बाजू ब, बत्तीस मिनिटं.

चौसष्ट.

ही आमच्या धंद्यातली गोष्ट आहे, सांगतो. लोक कोऱ्या कॅसेटी आणायचे त्या साठ मिनिटांच्या, तीस आणि तीस. चौसष्ट मिनिटांची गाणी त्यात बसवायची कशी? शेवटचं गाणं अर्धवट तोडलं तर गिऱ्हाईक बोंबलतं. मग आम्ही सेंटरवाले काय करायचो, ज्या मशीनवर मूळ कॅसेट लावायची त्याच्या मोटरला एक बारीक भोक असतं, त्यात स्क्रू. लहान पेचकसाने तो किंचित पिळला की मशीन जरा पळतं आणि सगळी गाणी साठमध्ये बसतात. कुणाला कळत नाही. निदान आम्ही तसं म्हणायचो. 'धोटा'साठी मी तो स्क्रू एकदाच पिळला होता. १९९२ साली, एका दुपारी. त्यातून साठची एक कॅसेट तयार केली. पुढे मूळ कॅसेट मशीनने चावली, म्हणून पुढच्या साऱ्या प्रती त्या साठवरूनच काढल्या. गावाच्या आणि माझ्याही. स्क्रू कधीच जागेवर आणला होता, आणि पिळला होता हेही विसरून गेलो होतो. एकोणीस वर्षं मी जो धोटा डोक्यावर घेऊन नाचलो, तो त्यांनी वाजवलेलाच नव्हता.

"बघ," दस्तगीर खुशीत होता. "तुझी कॅसेट ताणली गेली आसंल. टाकून दे. ही घेऊन जा, रविवारी परत दे."

मी "बरं" म्हणून उठू शकलो असतो. कॅसेट ताणली तर गाणं मंद होतं, पळत नाही, हे त्याला कुठे माहीत होतं? चहा पिऊन, हसून, घरी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगायचं? पण तो ती कॅसेट परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत होता, पोराचे कपडे घडी घालावेत तशी, आणि मला सांगलीचा त्याचा चेहरा आठवला. पाणी पिऊन घेतलं आणि सांगितलं. स्क्रूचं, साठच्या कॅसेटचं, सगळं.

माझं संपल्यावर त्याने एकच विचारलं, "सांगलीला ट्रकमध्ये किती जण होता?"

"साठ-सत्तर."

"त्यातल्या किती जणांकडं तुझी कॅसेट होती?"

"सगळ्यांकडं."

"पहिल्यांदा ढिला म्हणून कोण वरडलं?"

मी खाली बघितलं. "मी."

दस्तगीर बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"चहाच्या टपरीवर आमची गाणी लागायची. मला वाटायचं, टपरीवाल्याचा टेप बिघडलाय. गावातल्या समद्याच टपऱ्यांचा कसा बिघडंल, हे डोक्यात आलं न्हाई माझ्या. सांगलीहून आलो, अब्बांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, माझ्या हातात कस न्हाई. ते म्हणाले, मग माग दुरुस्त कर. अब्बा गेले, मगदूम. तसंच समजून गेले."

"दस्तू, मला खरंच..."

"ऊठ."

"ऐक तरी..."

"सतरा वर्षं दिवाळीला पत्रं पाठवलीस. एकत्र या, एकत्र या. तोडलं कुणी ते एकाबी पत्रात न्हाई." तो दार धरून उभा राहिला. "रविवारी बोलणार हाईस न्हवं? हेच बोल. समद्यांसमोर. मग काठ्या उचलायच्या का न्हाई, ते मी बघतो."

चार दिवस मी दुकानात बसून होतो आणि मोबाईलच्या कव्हरऐवजी गिऱ्हाइकांना चार्जर देत होतो. शैलजाला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. "बोला," एवढंच म्हणाली. "मी पहिल्या रांगेत बसते."

रविवारी नाट्यगृह भरलं होतं. सगळे आमच्या वयाचे, पोटं सुटलेले, टक्कल पडलेले, काहींनी मुलंबाळं आणलेली. अविनाशने माझी ओळख "आमचा पहिला चाहता" अशी करून दिली आणि माझ्या कानात पुटपुटला, "हवामान." दस्तगीर मागे ड्रमवर बसला होता. काठ्या त्याने हातात घेतल्या नव्हत्या, समोरच्या ड्रमवर आडव्या ठेवल्या होत्या.

मी बोललो. लिहून नेलेला कागद घामाने चिकटला म्हणून तसाच बोललो. स्क्रू, साठची कॅसेट, चौसष्ट मिनिटं. आधी लोकांना कळलंच नाही. मग कळलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मगदूम, माझ्या लग्नाची कॅसेटबी तूच भरली होतीस! तरीच आमचे भटजी एवढ्या घाईत मंगलाष्टकं म्हणतात!" एकच हशा पिकला. अविनाश हसला नाही. तो मान वळवून दस्तगीरकडे बघत होता, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. माईकवर सतरा वर्षांपूर्वी आपण काय बोललो, ते त्याला आठवत असणार.

मी हशा ओसरू दिला. "सांगलीत कुणीही ढिला पडलं नव्हतं," मी म्हणालो. "दस्तगीर बरोबर वाजवत होता. चुकीचं आम्ही ऐकून आलो होतो. पहिली आरोळी माझी होती. गावासमोर त्याची माफी मागतो."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. मी खाली उतरून शैलजाशेजारी उभा राहिलो. दस्तगीरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतःच्या हातांकडे बघत होता. आता उठून जाईल, असं मला वाटलं. अविनाश त्याच्याजवळ गेला, वाकून काहीतरी बोलला. काय बोलला ते त्याने आजवर मला सांगितलेलं नाही. मग दस्तगीरने काठ्या उचलल्या, एकमेकींवर चार ठोके दिले, आणि 'तिसरी पाळी' सुरू झाली.

सगळं सभागृह गायला लागलं.

*भोंगा झाला, ऊठ की गड्या,*
*झोप राहू दे उशाला...*

आणि आम्ही सगळे 'उशाला' वर अविनाशच्या आधी जाऊन पोचलो. सहाशे माणसं, एकदम. अविनाश अजून 'राहू दे' वरच होता. सांगलीत ह्याच जागी दस्तगीरने वेग वाढवला होता, आम्हाला गाठायला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण हात जिथल्या तिथे, ठाम, मघाशी होता तसाच. पुढच्या ओळीला निम्मे लोक त्याच्यासाठी थांबले, त्यापुढच्या ओळीला बहुतेक सगळे. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घातला.

नव्या गाण्यांतलं पाचवं मला आजही आवडत नाही, ते वेगळं. पण त्या संध्याकाळी मी घसा फोडून गात होतो आणि एकोणीस वर्षांची सवय सुटत नव्हती. शेवटच्या कडव्यात सगळं सभागृह दस्तगीरबरोबर होतं आणि मी एकटाच पुढे पळून 'उशाला' म्हणून ओरडलो. लोक वळून बघायला लागले. दस्तगीरने वाजवता वाजवता उजव्या हातातली काठी माझ्यावर रोखली, एका ठोक्यापुरती, आणि मी तोंड मिटून त्याच्या पुढच्या ठोक्यासाठी थांबलो.